लुगड्याचा पट्टा

मुलांनो, त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आपलं बोलणं मध्येच तुटलं, ते नेटवर्क गेल्यामुळे नव्हे. फोन मी बंद केला होता. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

गेल्या महिन्यात तुमच्या तिकडच्या घरी एक बाई आली. धाकट्याच्या दंडावरचा काळानिळा डाग त्याच्या शिक्षिकेने पाहिला, तिने तिकडच्या बालकल्याण खात्याला कळवलं, आणि ही बाई वही घेऊन दारात उभी राहिली. डाग सायकलवरून पडल्याचा होता. बाईने तुमच्या खोल्या पाहिल्या, फ्रीज उघडून पाहिला, तुम्हा दोघांशी वेगवेगळं बसून बोलली. काही दिवसांनी सगळं ठीक असल्याचं पत्रही आलं. तरी दाराची घंटा वाजली की धाकटा अजून पलंगाखाली जातो, असं तुमची आई मला सांगत होती, तेवढ्यात थोरलीने विचारलं, "आजी, तू पण अशीच बाई होतीस ना? मुलांना घेऊन जाणारी?"

तेव्हा मी फोन बंद केला. आज टेबल आवरून, दार लावून लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. आईकडून वाचून घ्या, पण तिला म्हणावं, मधलं काही गाळू नकोस.

हो, मी तशीच बाई होते. नागपुरात, बालकल्याण समितीच्या कामावर. ज्या मुलांना घरी धोका आहे, किंवा ज्यांना घरच उरलेलं नाही, त्यांचं पुढे काय करायचं हे ती समिती ठरवते. समितीवरची माणसं खोलीत बसून ठरवतात. घरी जाऊन पाहायचं आणि पाहिलेलं लिहून आणायचं, हे काम आमचं. आम्ही लिहू त्यावर मूल घरी जायचं, बालगृहात राहायचं, नाही तर दत्तक जायचं. माझे अहवाल चांगले असत. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले होते, अक्षर सुबक होतं, समास सोडलेला असे, मोजमापं असत. समितीच्या अध्यक्षबाई इतरांना माझे अहवाल नमुना म्हणून दाखवत. मला त्याचा अभिमान होता.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. कळमन्याच्या बाजारामागे एक वस्ती आहे. तिथून फोन आला की एका पाच वर्षांच्या मुलीला दिवसभर बांधून ठेवतात. फोन शेजारणीने केला होता. मी एका महिला पोलिसाला सोबत घेऊन गेले. पत्र्याची एक खोली, दार उघडं. आत मुलगी जमिनीवर बसून चिंचोके मांडत होती, आणि तिच्या उजव्या पायाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधलेला होता. दुसरं टोक खाटेच्या पायाला.

माझ्या पर्समध्ये कायम एक छोटी कात्री असे. पोलिसीण पुढे झाली तशी मुलगी किंचाळायला लागली. मी वाकले आणि पट्टा कापला. तिच्या पायापासून चार बोटांवर. घाईत.

तिची आजी बाजारातून धावत आली ती आम्ही गाडीत बसत असताना. मिरचीच्या वखारीत देठ खुडायचं काम करायची. हात लाल, डोळे लाल. मी तिला समितीचा आदेश दाखवला, त्यावरच्या गोल शिक्क्याशेजारी तिचा अंगठा घेतला. ती गाडीच्या खिडकीला दोन्ही हात लावून उभी राहिली, आणि गाडी निघाल्यावर काचेवर तिखटाचे दोन पंजे राहिले. पोलिसीण म्हणाली, "मॅडम, पुसू का?" मी हो म्हटलं.

मुलगी बालगृहात तीन आठवडे होती. त्या काळात मी त्या खोलीवर चार वेळा गेले. मुलीची आई कामासाठी म्हणून दोन वर्षांपूर्वी गेली ती परतलीच नव्हती, बापाचा पत्ता नव्हता. होती ती ही आईची आई. मी शिंप्याकडची टेप घेऊन गेले होते. खाटेला उरलेला पट्टा मोजला आणि कापलेल्या तुकड्याची चार बोटं त्यात मिळवली. माठापर्यंत पोचत होता. मोरीपर्यंत पोचत होता. चुलीपर्यंत पोचत नव्हता, आणि उंबऱ्याच्या बाहेर, जिथून मालाचे ट्रक वळतात त्या रस्त्यापर्यंत तर नाहीच. शेवटी मी लिहिलं की बांधणं चूक आहे, पण यात क्रौर्य दिसत नाही. मूल आजीकडे द्यावं.

समितीने दिलं. अटी घातल्या. मुलीला पुन्हा बांधायचं नाही, सकाळी अंगणवाडीत पाठवायचं, दुपारी सोबत न्यायचं. मी दर महिन्याला जाऊन पाहायचं आणि चौथ्या भेटीनंतर मुलीला पुन्हा समितीपुढे आणायचं. काही बिघडलं तर मूल परत घ्यायचं, आणि आईचा शोध लागत नाही म्हणून कायद्याने ठरलेली मुदत संपल्यावर दत्तकासाठी मोकळं करायचं. दत्तक देणं ही वाईट गोष्ट नव्हती. कितीतरी मुलं चांगल्या घरी जाताना मी पाहिली आहेत, त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेले आहे. पण या मुलीसाठी आधी या म्हातारीचं घर संपलं असं कागदावर लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिणारा हात माझा असता.

आता माझी चूक सांगते.

न कळवता कोणाच्या घरी जायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. आमच्या कामात सगळे अचानक जात. मला ते चोरट्यासारखं वाटे. पहिल्या तीन भेटींच्या आधी मी शेजारणीच्या मोबाइलवर निरोप ठेवला, तो ती म्हातारीच्या दारातून ओरडून सांगायची. चौथ्या वेळी तिचा फोन लागेना, म्हणून मी पत्र टाकलं. कार्यालयाच्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, रजिस्टर पोस्टाने. बुधवारी येत आहे, आपल्या सोयीने घरी थांबावे ही विनंती. खाली सही. सहीवर, कायम मारायचे तसा, गोल शिक्का.

बुधवारी खोलीला कुलूप होतं.

शेजारीण दारातच मेथी निवडत बसली होती. "गेली ना मावशी," ती म्हणाली. "शनिवारी पोस्टमन आला, अन् दुसऱ्या दिवशी पहाटेच गेली. पेटी घेऊन गेली."

"कुठे?"

"मले काय सांगनार ते? मीनं फोन केला तवापासून माह्याशी बोलते का? नळावर बी तोंड फिरवते." तिने मेथी खाली ठेवली. "एक सांगू का मॅडम? जाताना मोठ्यानं बोलली. मले ऐकवाले. म्हने, पोरगी देनार नाही. नदीत पाय टाकू दोघी, पन देनार नाही."

मुलांनो, मी तुम्हाला घाबरू नका असं लिहिणार नाही, कारण मी स्वतः तेव्हा इतकी घाबरले की त्या बाईच्या ओट्यावर बसले. तिने पाणी दिलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तीही घाबरली आहे. "मीनं चांगल्यासाठीच केला होता फोन," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." मीही पत्र चांगल्यासाठीच टाकलं होतं.

नियम असा की मूल दिसलं नाही तर तत्काळ कळवायचं. मी तिथूनच अध्यक्षबाईंना फोन लावला. त्यांनी तारखांची वही उघडली. मग म्हणाल्या, "सुनावणी उद्या चार वाजता आहे. माझ्या हातात तेवढंच. उद्या चारला मुलगी माझ्यासमोर उभी पाहिजे. नाही तर आदेश रद्द, आणि पोलिसांत तक्रार मी स्वतः देईन. नदीचं खरं असेल तर मात्र एवढंही थांबणं चूक आहे, हे तुम्हाला कळतंय ना?"

कळत होतं. फोन ठेवल्यावर तेच कळत राहिलं.

मी मिरचीच्या वखारीत गेले. शे-दीडशे बायका पोत्यांवर बसून देठ खुडत होत्या, नाकातोंडावर पदर बांधलेले. मी आत पाय टाकला आणि शिंका सुरू झाल्या. एकापाठोपाठ सात-आठ. बायका हसायला लागल्या.

"या मॅडम, या. आज कोनाचा नंबर जी?"

"माह्या घरी तीन पोट्टे हायेत, दोन घेऊन जा. तिसरा राहू द्या, भांडाले कोनी तरी लागते."

"अवं, त्याइले नको देऊ. थे पोट्टे नेतेत अन् त्याइले चमच्यानं खायाले शिकवतेत."

पुन्हा हशा. मी म्हातारीबद्दल विचारलं तसा हशा थांबला. सगळ्यांचे हात मिरच्यांवर चालू राहिले, पण माझ्याकडे कोणी पाहीना. मी सांगितलं की उद्या चारपर्यंत मुलगी दिसली नाही तर ती कायमची जाईल. सांगितलं की शिक्क्याचं पत्र मीच टाकलं होतं, ते न्यायला येण्याचं नव्हतं. कोणाचाही विश्वास बसल्याचं दिसलं नाही. मला रडू येत होतं, आणि मिरचीमुळे ते आधीच वाहत होतं.

मी निघाले तेव्हा एक अगदी म्हातारी बाई पोत्याकडे पाहत म्हणाली, "तिची नणद खाप्याले राह्यते. नदीकडच्या गल्लीत. माह्या तोंडून नाही ऐकलं तुमी."

नदीकडच्या गल्लीत. खाप्याला कन्हान नदी आहे.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा घरी कामाबद्दल बोलले. तुमच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का ते पाहतो." एवढंच. सकाळी उजाडताच आम्ही निघालो. सावनेरच्या बाजूचा रस्ता मला एरवी आवडतो, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा आहेत. त्या दिवशी मी आजोबांच्या पाठीआड तोंड करून बसले होते आणि प्रत्येक वळणावर मनात वाक्यं तयार करत होते. समितीला काय सांगायचं. पोलिसांना काय सांगायचं. अहवालात पहिलं वाक्य काय लिहायचं. अशा वेळीसुद्धा मला वाक्यं सुचत होती, याची मला भीती वाटली.

नदीकडची गल्ली सापडली. नणंदेच्या दारात कोणी नव्हतं. मी तशीच पुढे चालत घाटापर्यंत गेले. घाटाच्या वरच्या पायरीवर एक पिवळा फ्रॉक पसरलेला होता. ओला. तो बालगृहातून दिलेला होता, त्याच्या गळ्याशी आमच्या शिवणबाईंनी शिवलेली हिरवी फीत मला लांबून ओळखू आली. फ्रॉक होता, मुलगी नव्हती. मी जाऊन तो उचलला. आजोबा मागून म्हणाले, "खाली बघ. डावीकडे."

खाली, पाण्यापासून दोन पायऱ्यांवर म्हातारी कपडे आपटत होती. मुलगी तिच्या बाजूला चड्डीवर बसून पाण्यात काडी फिरवत होती. आणि मुलीच्या कमरेपासून म्हातारीच्या कमरेपर्यंत लुगड्याचा पट्टा बांधलेला होता.

म्हातारीने मला पाहिलं. पळाली नाही. धुणं हातात तसंच धरून म्हणाली, "बांधू नको म्हनलं होतं तुमी. माहीत हाये मले. पन नदी हाये ना बाई."

मी पायरीवर बसले. मुलगी आजीच्या पाठीमागे गेली.

"मावशी, काहून पळालात?" मी विचारलं. तुमची आजी वऱ्हाडी बोलत नाही, पण 'का'च्या जागी तो शब्द तेव्हा आपोआप आला.

तिने कमरेची पिशवी सोडली. त्यातून माझं पत्र काढलं, बारीक घड्या घातलेलं. उघडून बोट शिक्क्यावर ठेवलं. "हा पाहा. पह्यले बी हाच होता. तवा पोरगी नेली. आता पुन्हा आला."

"कोणाकडून वाचून नाही घेतलं?"

"कोनाकडून घेऊ? फोन करनारीकडून?"

मी ते पत्र तिला वाचून दाखवलं. आपल्या सोयीने घरी थांबावे ही विनंती. तिने नीट ऐकलं.

"विनंती?" ती म्हणाली. "मंग ठसा काहून मारला जी?"

मी पत्राची घडी घालून तिला परत दिलं.

तिला चार वाजताचं सांगायला फार वेळ गेला. ती दहा वेळा नाही म्हणाली. आजोबांनी कोणाशीच न बोलता तिचे भिजलेले कपडे पिळून बादलीत भरले, आणि मला वाटतं, तिचं मन माझ्या बोलण्यापेक्षा त्यानेच वळलं. शेवटी म्हणाली, "चलते. पन पट्टा नाही सोडनार. तिथं पोलीसवाली राह्यते."

मला कळत होतं की समितीने घातलेल्या पहिल्याच अटीचा भंग मी स्वतः समितीच्या खोलीत घेऊन जाणार आहे. सोडायला लावलं तर ती येणार नव्हती. आम्ही तिघी एसटीत बसलो, आजोबा मागून स्कूटरवर. मुलगी खिडकीशी, मध्ये आजी, कडेला मी. मुलगी सगळा रस्ताभर माझ्या पर्सकडे पाहत होती. खूप उशिरा माझ्या लक्षात आलं, ती आतल्या कात्रीकडे पाहत होती.

पावणेचारला आम्ही पोचलो. अध्यक्षबाईंनी आधी मुलगी जिवंत आहे हे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांना पट्टा दिसला.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. म्हातारीला नाही. "तुमच्या अहवालावर मी ही मुलगी परत दिली होती."

शेजारचे सदस्य लिहायला लागले. मला त्यांच्या पेनचा आवाज ऐकू येत होता. मी सांगायला सुरुवात केली, नदी, घाट, पत्र. माझी वाक्यं नेहमीसारखी लागत नव्हती. म्हातारीने पट्टा मुठीत दोन वेढे घेऊन धरला होता. दारात पोलिसीण उभी होती.

अध्यक्षबाईंच्या टेबलावर काचेचा एक गोळा होता, कागदांवर ठेवायचा, आत निळं फूल. मुलगी कधीपासून त्याच्याकडे पाहत होती. आम्ही मोठी माणसं बोलत असताना तिने कमरेशी हात नेला, पट्ट्याचं लोंबतं टोक धरलं आणि ओढलं. गाठ सुटली. तिने पट्टा खाली टाकला, टेबलापाशी गेली आणि टाचा उंचावून गोळ्याला हात लावला.

अध्यक्षबाई वाकून जमिनीवरच्या पट्ट्याकडे पाहू लागल्या.

"म्हणजे हिला हे कधीही सोडता येत होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

प्रश्नच कळला नाही असं म्हातारीचं तोंड झालं. "मंग? गोठ्यात ढोराले बी असंच बांधतेत. एक ओढलं का सुटलं पाह्यजे. आग लागली त काय जळून जाऊ द्याचं? हे त पोरगी हाये. पह्यले तिले गाठ सोडाले शिकवली, मंग बांधली."

"मग ती सोडून बाहेर जात का नव्हती?"

"मी म्हनलं होतं ना, मी येईपावतर बस म्हनून."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा मोजला होता. माठापर्यंत, मोरीपर्यंत, इंचात लिहिला होता. गाठ पाहिलीच नव्हती, कारण ती मी कात्रीने अलग केली होती.

मुलगी आजीकडे राहिली. बाजारातल्या एका पाळणाघरात तिची दुपारची सोय समितीने करून दिली, आणि कागदात लिहिलं की यापुढे भेटीची सूचना तोंडी द्यावी. मी आणखी दीड वर्ष जात राहिले. म्हातारी मला चहा करून द्यायची, पण चहा होईपर्यंत मुलगी तिच्या मांडीवर असे.

निवृत्त झाल्यावर एकदा वर्षाचं तिखट घ्यायला मी कळमन्याला गेले होते. वखारीच्या दारात त्या दोघी दिसल्या. मुलगी उंच झाली होती, शाळेचा गणवेश अंगावर, आजीच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेत होती. मला बरं वाटलं. मी हात वर केला. म्हातारीने मला पाहिलं, ओळखलं, आणि तिचा हात मुलीच्या मनगटावर गेला. मुलगी आजीच्या मागे सरकली, पाच वर्षांची असताना सरकली होती तशीच. मी हात खाली घेतला आणि मिरची न घेता घरी आले.

म्हणून थोरलीला उत्तर: हो, मी तशीच बाई होते, आणि ती मुलगी मला तशीच ओळखते. धाकट्याला सांगा, पलंगाखाली जायला हरकत नाही. बाहेर यावंसं वाटलं की यावं.

पहिल्या दिवशी मुलीच्या पायात राहिलेलं पट्ट्याचं कडं बालगृहाच्या बाईंनी टाचेवरून सरकवून काढलं होतं आणि पुरावा म्हणून पाकिटात घालून मला दिलं होतं. मी त्यावर क्रमांक घातला, तारीख घातली, आणि तेव्हा उघडून पाहिलं नाही. प्रकरण बंद झाल्यावर कार्यालयाने ते टाकून द्यायला सांगितलं, तेव्हा मी ते घरी आणलं. ते माझ्या कपाटात, उजवीकडच्या खणात आहे. आत जांभळ्या लुगड्याचा वीतभर तुकडा आहे, आणि त्याची गाठ अजून सुटलेली नाही.